झुजेचा झ

कुडचड्यात, बंद पडलेल्या टायरच्या दुकानावर
माझी एक खोली. खाली अजून रबराचा वास,
वर मी, एक मॉनिटर,
आणि वीज गेली की कुरकुरत बसणारा यूपीएस.

पोट कशावर भरतं सांगू?
पाळोळ्यातल्या एका शॅकचं मेनूकार्ड,
ज्यात तळलेला बांगडा आनंदी दिसायला हवा.
पणजीच्या कॅसिनोचं पत्रक, ज्याचे पैसे वेळेवर येतात
आणि जे मी आईला दाखवत नाही.
जत्रेचं हँडबिल: समितीचे एकवीस चेहरे,
सगळे सारख्या मापाचे. तरी खजिनदार
घनश्याम फळदेसाई रोज फोन करतात,
"माझं डोकं जरा लहान वाटतं गो."
मी मोजते. मिलिमीटरचाही फरक नाही.

आणि मेलेली माणसं.
स्मृतिदिनाच्या जाहिराती, सेंटिमीटरच्या दरानं.
लोक लग्नातल्या घोळक्याचा फोटो आणतात,
एका डोक्यावर बोट ठेवून म्हणतात,
"हे. आणि कोट घाला."
माझ्याकडे कोटांचं फोल्डर आहे.
काळे सात, राखाडी चार,
एक निळा, जो कुणालाच चालत नाही.
उभा जन्म काष्टीवर काढलेल्या किती जणांच्या गळ्याशी
मी टायची गाठ मारली, मोजलं नाही.
रंग तेवढा जुळत नाही कधी.
उन्हात भाजलेली मान कोटात नांदत नाही.

रात्री माझं काम. म्हणजे
ज्याचे पैसे कुणी देत नाही ते.
खाणी बंद झाल्या तसे ट्रक उभे राहिले,
काजूंच्या सावलीत, घरांच्या मागे,
चाकांवर वेल चढले.
त्यांच्या फाळक्यांवरची अक्षरं मी उतरवून घेते,
एकेक वळण. सगळी एकाच हाताची,
सांग्याचा कुणी रंगारी, ज्याचं नाव कुणाला आठवत नाही.
अ ची मान वाकडी, ळ ला पोट सुटलेलं,
ख म्हणजे दोन माणसं, खांद्याला खांदा लावून बसलेली.
त्यांचा फॉन्ट करायचाय. तीन वर्षं झाली.
झ सापडत नव्हता.

पियेदाद कुलासो आल्या मे महिन्यात,
प्लास्टिकच्या पिशवीत एकच फोटो.
नवऱ्याचं वर्ष. दोन कॉलम, पाच सेंटिमीटर.
तो ट्रकला टेकलेला, शर्टाला एक बटण नाही.
मी सवयीनं फोल्डर उघडलं.
"कोट नाका," त्या म्हणाल्या.
"लग्नात घातला होता. दिवसभर खाजवत होता."

चेहरा कापून घ्यायला फोटो मोठा केला
तर कोपराच्या मागे, लाल धुळीखाली:
झुजे.

"हें कितें?"
"नाव. तुमच्या घरवाल्याचं."
त्या पुढे झुकल्या. त्यांना फक्त रोमी वाचता येते,
रंगाऱ्याला रोमी लिहिता येत नसावी.
"बावीस वर्षं मला वाटलं, बँकेचं नाव.
हप्ते फिटेपर्यंत लिहावं लागत असेल, तसलं काही."
मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.
रस्त्यावरून पोदेराचा भोंगा वाजत गेला.

"गाडी ठेव."
गाडी ठेवली तर सात सेंटिमीटर, पैसे वाढतील, मी म्हटलं.
त्यांनी पाकिटातल्या नोटा मोजल्या, पाकीट मिटलं.
"मग बायबलची ओळ काढ. नातवंडं काढ.
त्यांची नावं छापायला आयुष्य पडलंय."

त्या गेल्यावर मी झ उतरवला.
शेपूट शेवटी फाटलेलं. कुंचल्यातला रंग संपला असेल,
किंवा झुजेच म्हणाला असेल, पुरे रे, खेप चुकेल.
मी ते गुळगुळीत केलं. बघितलं.
पुन्हा फाडलं.

तेवढ्यात फोन. फळदेसाई. डोकं.
"हो, करते मोठं," मी म्हटलं
आणि काही न बदलता तीच फाइल परत पाठवली.
पाच मिनिटांत उत्तर आलं:
"आत्ता कसं! बरं दिसतंय."