बसायला वेळ लागतो

रात्री साडेनऊला कमिटीच्या पखिड्डेबाईंचा फोन :
मिस्त्री, तुमचा हॉल बोलून राहिला.
काय बोलते?
कडकन म्हणते. मग बराच वेळ काही नाही.
जरा डोळा लागल्यासारखं होते, की पुन्हा कडकन.
साठ माणसं दहा दिवसांचं मौन धरून बसलीत
आणि छत तेवढं ऐकत नाही.

फोन पोरीनं घेतला होता.
मी डाव्या कानानं ठार, उजव्यानं निम्मा.
लकडगंजात आरामशीनीवर एकोणतीस वर्षं,
रोजी शेठ द्यायचे
आणि मशीन आपला वाटा कापून घ्यायची.
तर पोरीनं ओरडून ओरडून सांगितला मला
मौनातला बिघाड.
शेजारचे कुलरच्या खिडकीतून डोकावले.

हिंगण्याच्या पुढं, तलावाकडं वळलं की हा हॉल.
एक झाड तोडायचं नाही, एक खिळा मारायचा नाही,
एसी तर बोलूच नका,
असं वैदर्भी मॅडम नकाशा मांडीवर ठेवून म्हणाल्या होत्या.
आढ्याशी फट ठेवू, तापलेली हवा वरून निघून जाईल.
मे महिन्यात? इथं?
मी हसलो होतो.
गेली पण हवा. सगळी नाही,
नागपूरची ती, निघते निघते म्हणत दारात तासभर बोलणार.

लाकूड नवं नाही.
हिंगणघाटची एक जिनिंग मोडली,
तिथले सागवानी खांब, तिथल्या तुळया,
अंगभर बोल्टांची भोकं, तेलाचे काळे डाग.
पहिली तुळई फाडली तर भेगेतून सरकी निघाली
आणि बोटाच्या पेराएवढा कापूस,
कोणत्या सालचा कोण जाणे,
पांढराशुभ्र.
मी मशीन बंद केली.
काऊन केली, ते नाही सांगता येणार.
मग कुसू तासले, खाचा पाडल्या,
बाभळीच्या खुंट्या ठोकल्या
आणि पावसाळ्याआधी छत चढवलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेलो, पोरीच्या गाडीवर.
चपला बाहेर. पटाशी, हातोडी डिकीत.
साठ पाठी, पिठूर उजेडात ओळीनं मांडलेल्या.
मी मागच्या खांबाशी टेकलो.
ऐकायला काही नव्हतंच माझ्याकडं,
म्हणून तळहात ठेवला लाकडावर
ताप आलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

बराच वेळ नुसतं ऊन होतं,
दिवसभराचं, आत मुरलेलं.
मग पुढच्या ओळीतली एक बाई दचकली
आणि त्याच घडीला
मनगटात काही तरी सरकलं,
कोपरापर्यंत येऊन थांबलं.

एक केस. तेवढाच कुसू हलला असेल खाचेत.
दिवसा फुगते, रात्री आकसते,
जागा शोधून राहिलं लाकूड.
सत्तर-ऐंशी वर्षं ज्याच्या खांद्यावर
यंत्रं थडथडली
त्याला आपण एकदम म्हणतो, बस. डोळे मीट.

पखिड्डेबाई ऑफिसात थांबल्या होत्या.
ग्रीस टाकायचं का? लोखंडी पट्टी?
म्हटलं, सांधा बसून राहिला, बाई.
दोन उन्हाळे जातील, तीन जातील.
पट्टी मारली तर चूप होईल,
पण मग आतून चिरेल.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, आठव्या दिवशीही
अर्धी माणसं चुळबुळतच असतात.
आणि पेट्रोलचे म्हणून दोनशे रुपये हातावर ठेवले.
मी घेतले.

वाडीच्या नाक्याशी ट्रकांच्या गर्दीत
पोरगी मागं वळून ओरडली,
आलं का काही ऐकू?
मान हलवली. नाही.
तिला वाटलं फेरी वाया गेली.
डिकीत पटाशी
फडक्यात गुंडाळली होती तशीच,
आणि उजवा तळहात मी
घरापर्यंत मुठीत मिटून ठेवला होता.