नववा धडा

हापसालूला डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
चिखल-उपचारांच्या दवाखान्यातली शेवटची चादर
माझ्या इस्त्रीखालून निघते, तेव्हा खिडकीबाहेर
समुद्र दिसत नाही,
आहे एवढंच माहीत असतं.

मग धुलाईखान्याचं दार लावते,
घड्या घालायच्या टेबलावर, साबणाच्या डब्याला टेकवून
पुस्तक उभं करते.
घरी वाजवायची सोय नाही. वरच्या मजल्यावरचा काल्यू
काठीने जमीन ठोकतो,
आणि तेही तालात नाही.

वय त्रेपन्न. बासरी निकेलची, कुणाची तरी वापरलेली,
एका चावीखालची गादी गळकी.
धडा नववा. ई मायनर.
दोन पानं भरून मुंग्यांची रांग,
चार-चारच्या टोळ्या, मध्ये श्वासाला फट नाही.
नाव नाही त्याला, नुसता आकडा,
माझ्या चादरींना असतो तसा.

सप्टेंबरपासून घोकत होते,
एकोणतिसाचा पाढा म्हणावा तसं,
डोळे शेवटच्या ओळीवर.
आधी हे गिळायचं, मग खरं संगीत:
पिशवीत मागे जपून ठेवलेला छोटासा वॉल्ट्झ,
शहाण्यासारखं वागल्याबद्दलचं चॉकलेट.

शिकवणारी केर्तू माझ्या मुलीहून लहान.
चूक झाली की बोलत नाही,
कानामागची पेन्सिल काढते, परत खोचते.
गेल्या मंगळवारी मात्र म्हणाली,
"तुम्ही या धड्याला पायपुसणं समजता."
मला राग आला.
पायपुसणी मीच धुते, आठवड्याला एकोणसाठ.
प्रत्येकाची वीण मला ठाऊक आहे.

आज करंगळी अडली,
दिवसभर इस्त्री ओढून ताठलेली.
सगळे सूर काही केल्या येईनात, म्हणून वैतागून
प्रत्येक टोळीतला पहिलाच सूर धरला,
बाकीचे तीन गाळले,
दात पडलेल्या माणसासारखं बोलत गेले.

आणि आत कुणीतरी चालत होतं.

खरंच. मुंग्यांच्या खालून एक वाट निघाली:
ई, एफ शार्प, जी, पुन्हा एफ शार्प,
मग एक पायरी खाली,
हातमोजा विसरला म्हणून मागे वळावं तशी.
आणि सहाव्या ओळीत, काही कारण नसताना,
एफ नॅचरल.
तिथे ती वाट रस्ता सोडून बर्फावर उतरते,
जाड आहे की पातळ, न विचारता.

तीन महिने मी त्या सुरावरून
चाकं फिरवत गेले होते.

मागे टाइमा उभी. रात्रपाळीची.
कमरेवर ओल्या टॉवेलांची टोपली.
"कुठलं गाणं?"
"गाणं नाही. धडा आहे. नववा."
तिने टोपली खाली ठेवली नाही.
"ते वाकडं वळण परत वाजव."

वाजवलं. या वेळी गाळलेले तिघेही आले,
पण दबकत, भिंतीला धरून,
त्या चालणाऱ्याला वाट देत.
नेमकी एफ नॅचरललाच गळक्या गादीतून हवा सुटली.
टाइमा म्हणाली, "हं,"
आणि मशीन लावायला गेली.

ड्रायर फिरू लागला. आतलं कुठलंसं बटण
सहा मोजून एकदा आपटत होतं,
मी चारांत. जुळायचं नाही.
तरी दर बारावर दोघं एका उंबऱ्यावर भेटायचो
आणि ओळख न दाखवता निघून जायचो.
मला त्यातच इतकी मजा येऊ लागली
की धडा पाच वेळा झाला,
की सहा, मोजायचं राहिलं.

वॉल्ट्झ पिशवीतच राहिला.

श्वासाची जागा मात्र सापडली:
एफ नॅचरलच्या आधी नव्हे, नंतर,
पलीकडे पाय टेकल्यावर.
केर्तूची पेन्सिल इथे कुठली,
चादरींवर नंबर घालायच्या शाईनेच
एक स्वल्पविराम काढला.

ती शाई धुऊन जात नाही.