मसुदा

रोला, शारजा. दुकान नंबर चार.
पाटीवर: टायपिंग, फोटोकॉपी, व्हिसा.
आत मी, दोन खुर्च्या,
आणि खोकत खोकत सप्टेंबर पार करणारा एसी.

लोक हकीकत सांगतात, मी तिची अरबी करते.
पानाला वीस दिरहम.
दापोलीच्या मकतबात ही अक्षरं मी
अर्थाशिवाय गिरवली होती, छडीच्या धाकानं.
अर्थ इथे आला, पोटामागून.

हेमांगी आली तेव्हा
दुपारची नमाज नुकती सुटलेली.
माझी मराठी ऐकून आधी दचकलीच:
मराठी म्हणजे ओळखीचं कुणीतरी,
ओळखीचं म्हणजे त्याच्यापर्यंत पोचणारं.
मग बसली, अर्ध्या खुर्चीवर,
उरलेली अर्धी कुणाची तरी असल्यासारखी.

काय लिहू?
म्हणाली, लिहा, ह्यांचा हात जरा जड आहे.

हे अरबीत उतरेना.
उतरवलं तर साहेब विचारील, वजन किती?

म्हणाली, मग लिहा, ह्यांचा तोल जातो.
तोल त्यांचा जातो
आणि पडता तुम्ही?
ती हसली. हसताना
ओठावरचा टाका ओढला गेला.

आपली भाषा फार सोशिक, बाई.
घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं म्हणते.
भांड्यांना टाके पडलेले कुणी पाहिलेत?
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणते.
मूठ कुणाची, ते विचारत नाही.

आणि क्रियापद ठेवते शेवटी.
त्यांनी मला, काल रात्री, मुलीसमोर, इस्त्रीच्या वायरनं...
इथवर यायचं
आणि मग चहा विचारायचा.

अरबीत तसं नाही. तिथे क्रियापद दारातच उभं असतं.
रात्रीच्या वर्गात उस्तादांनी
पहिलं दिलं ते हेच: दरबा.
त्यानं मारलं.
चौदा रूपं, मी बोटांवर मोजून पाठ केली,
कुणाला मारलं असेल, हा प्रश्न
तेव्हा परीक्षेत नव्हता.

तेच टाइप केलं. दरबा.
ती पडद्याकडे बघत राहिली, वाचता येत नसूनही.
एवढंसंच आहे? म्हणाली.
नऊ वर्षांचं?

फोन वाजला. हो, हो, कोथिंबीर घेते आहे.
आणि गेली.

मालक मोईदू म्हणतात,
पैसे न दिलेल्या फायली पुसून टाक.
मी पुसली नाही. नाव बदललं:
मच्छी मसाला, नवे दर.
रोज सकाळी उघडून बघायची,
शेगडीवरची चहापत्ती उतू तर गेली नाही ना,
तशी.
कधी स्वल्पविराम हलवला. परत जागेवर ठेवला.

अकरा आठवडे.
या काळात मी एकशे चाळीस भाडेकरार लिहिले,
एक तलाक, दोन वाहन परवाने हरवल्याचे,
आणि एका पठाणाचं आईला पत्र, फुकट.

मग ती आली, मुलीचा हात धरून.
मुलीच्या दप्तरात डबा,
डब्यात पोळीखाली पासपोर्ट,
तुपाचा डाग पडलेला.
या वेळी पूर्ण खुर्चीवर बसली.

फॉर्मात एक चौकोन असतो:
प्रायोजकाशी नातं.
ते काय लिहायचं, तिनं विचारलं.
सध्या, पत्नी.
सध्या, तिनं म्हणून बघितलं. पुन्हा एकदा.

प्रिंटर नेहमीसारखा अडकला.
मी त्याला थोपटलं. मुलगी म्हणाली,
मावशी, मारू नका त्याला.

मग कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ.

सही तिनं मराठीत केली,
माहेरच्या नावानं, टोक मोडलेल्या पेनानं.
चालेल का? म्हणाली.
माहीत नाही, म्हटलं. चालवून बघू.

चौकीवर बाईमाणूस असते सोमवारी, मी चौकशी केली होती.
दारावर 'नमाजसाठी बंद' लावलं.
नमाजची वेळ नव्हती.
अल्ला ते बघून घेईल.
टॅक्सीत मुलगी मधे बसली
आणि डबा उघडून
तिघींना पोळी वाटू लागली.