चौथी फेरी

सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार
सीत्सेचा ट्रक यायचा.
कुंपणापलीकडे फ्रीसलंडच्या सपाट वाऱ्यात
मेंढ्या माना वर करायच्या,
आणि दाबयंत्राच्या पट्ट्यावरून
गावाचा सगळा आठवडा
काळ्या ओल्या वड्यांनी हौद्यात पडायचा.

पाणी निवळणं सोपं, फ्रौक्ये नव्या पोरांना सांगायची.
जंतूंना हवा द्या, ते खातात.
पण खाल्लं की वाढतात,
वाढले की पाणी जातं कालव्यात
आणि त्यांचा ढीग आपल्या गळ्यात.
घाण गेली म्हणू नका.
तिनं फक्त अंग बदललं.

हा जास्तीचा गाळ जाळायला नेतात
साठ किलोमीटर.
त्याचं बिल ती फ्रीजवर चिकटवायची,
नातवानं काढलेल्या बोटीशेजारी.

मग तिनं तिसऱ्या टाकीत जाळी ताणली
आणि किडे सोडले.
शिवणाच्या दोऱ्याएवढे, तांबूस,
डोकं गाळात, शेपूट स्वच्छ पाण्यात,
श्वास शेपटीनं घेणारे.
खाणाऱ्यांना खाणारे.
मी हसलो होतो.

पहिल्या हिवाळ्यात पाणी सहा अंशांवर उतरलं,
त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही.
पुढच्या वर्षी एका रात्री ब्लोअर बंद पडला.
सकाळी जाळीवर
उसवलेल्या स्वेटरसारखा लाल गुंता.
हलेना.
फ्रौक्येनं तो उचलला, हातमोजे न घालता.
मी दारात उभा होतो, माझ्याकडे बघितलंही नाही.
दुपारी फोन केला शोभेचे मासे विकणाऱ्या बाईला:
अजून दोन बादल्या पाठवा.

एप्रिलातल्या एका शनिवारी
सीत्से ट्रक लावून बसून राहिला.
भरायला काही नव्हतं.
मग उतरला, कठड्यावर वाकून
बराच वेळ बघत राहिला.
"हेच का," म्हणाला,
"माझा शनिवार खाणारे?"

फ्रौक्येला यावर काही सुचलं नाही.
त्याची कॉफी तिनं जरा जास्त गोड केली.
तो गेल्यावर फ्रीजवरचं बिल काढलं;
बोट एका कोपऱ्यावर लोंबकळली,
ती तशीच राहिली.

शनिवारी मेंढ्या अजून माना वर करतात.

टाकीच्या तळच्या नळातून
किड्यांनी टाकलेलं येतं,
वाळूसारखं, पटकन खाली बसणारं, थोडं.
थोडं म्हणजे नाही असं नव्हे.
तेही कोणीतरी न्यायला लागतं.
सोमवार, बुधवार, गुरुवार.