नाव सोडवताना

सातवीत होतो तेव्हा
ईरीतल्या गॅस कंपनीचा मी ग्राहक होतो.
हे कळलं एकोणिसाव्या वर्षी, जुन्या गाड्यांच्या दुकानात.
विक्रेत्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला, घसा साफ केला.
चारशे अठ्ठ्याऐंशी.
मला वाटलं, किंमत उतरवली त्यानं.

खाली यादी होती.
घर तापवायचा गॅस, जानेवारी ते एप्रिल, थकीत.
वीज, दोन वेगळ्या पत्त्यांवर, थकीत.
केबलवाला. (त्या हिवाळ्यात आपल्याकडे अचानक
ऐंशी चॅनल आले होते, मी शाळेत मिरवलो होतो.)
पुढे टपालानं अर्जाची झेरॉक्स आली.
ऑरिन हॅवलिक. जन्मसाल तेवढं खोटं,
आणि अक्षर तुझं, आई:
तुझा ओ अजूनही पुरता मिटत नाही,
वर एक फट राहते, वाफ जायला ठेवल्यासारखी.

नाव तूच ठेवलं होतंस.
मग तूच ते गहाण ठेवलंस.

फोनवरच्या बाईनं सोपा रस्ता सांगितला:
पोलिसात जायचं, फसवणूक म्हणायचं,
एक फॉर्म, की महिनाभरात सगळं पुसलं जातं.
"कोणी केलं, माहीत आहे का?"
बाहेर बर्फाचा नांगर रस्ता खरवडत गेला,
त्याचा आवाज विरेपर्यंत मी गप्प.
मग म्हटलं, बाई, बिल माझंच आहे.
ऊब मीच घेतली.

म्हणून हे कार्ड.
बाराव्या रस्त्यावरच्या पतपेढीत तीनशे डॉलर ठेवायचे,
आणि आपलेच तीनशे आपण उधार घ्यायचे.
हसू नकोस. मीही हसलो होतो.
काउंटरवरच्या मिसेस ग्लोविन्स्की हसल्या नाहीत.
म्हणाल्या, ऐपत पगारावरून कळते, पत तारखेवरून.
म्हणाल्या, प्लास्टरमधला हात समज.
वापर. पण थोडाच.

तर दर पाच तारखेला एक गोष्ट घेतो,
मांजराच्या खाण्याची पिशवी, एकोणीस डॉलर,
आणि बाराला फेडून टाकतो.
घरात मांजर नव्हतं.
पिशवी आणल्यावर आणावं लागलं.
आता ते खातं, झोपतं, अंगाला घासतं,
आणि माझी पत वाढवतं.

पाचशे तीन.
पाचशे एकतीस.
मग गोदामातल्या रात्रपाळ्या साठवून
विजेचं जुनं बिल एकरकमी फेडलं, तर पाचशे चोवीस.
खाली! फेडलं म्हणून!
त्या रात्री कार्ड चिमट्यात धरून
शेगडीवर धरलं होतं, एक कोपरा वाकला तेवढ्यात थांबलो.
अजून तो मशीनमध्ये अडकतो,
दुकानातली पोरगी दर महिन्याला म्हणते, पुन्हा घालून बघा.

सहाशे बारा, गेल्या मंगळवारी.
कुणाला सांगावं?
असा आकडा, ज्यात आनंद मानायला
आधी चारशे अठ्ठ्याऐंशी असावं लागतं.

आणि परवा रविवारी, कोबीचं सूप वाढताना
तू म्हणालीस, एक फोन घ्यायचाय, तुझ्या नावावर घेऊ?
नुसतं नाव हवंय रे, पैसे मीच भरीन.

चमचा ताटलीवर ठेवला मी.
चार वर्षं तुला नावं ठेवली नाहीत,
त्या सगळ्याचं मिळून जे काही उरलं होतं
ते म्हटलं: नाही.

इतकं हळू, की पुन्हा म्हणावं लागलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं.
किती कळलं ते मी विचारलं नाही, तूही नाही.
उठलीस, भिंतीजवळ गेलीस,
आणि मी आल्यावर नेहमी करतेस तसं
थर्मोस्टॅटचं बटण फिरवलंस,
अडुसष्टवरून बहात्तर.
तळघरात भट्टीनं धप्पकन पेट घेतला.

ते बिल आता तुझ्या नावावर येतं.
जाळीतून गरम हवा आली, सुपाची वाफ जरा वाकली.
मी जॅकेट काढलं.