डाव्या कार्बोरेटरचा आवाज

बाबालाल मिस्त्रींना ऐकू येणं कमी झालं
तेव्हापासून मी लिहायला लागले.

त्याआधी नाना पेठेतल्या त्या बोळात
रबरी नळीचं एक टोक ते कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत,
दुसरं कानात. डोळे मिटून
स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे,
आधी उजवा, मग डावा,
दोघांचा श्वास एक होईपर्यंत.
मग नळी खिशात, आणि चहा.

आता नळी माझ्या कानात.
"कसा येतोय?" विचारतात, जरा मोठ्यानेच.
"बिघडल्यासारखा," मी म्हणाले पहिल्यांदा.
"ते तर गाडीपण सांगतीय, ताई. तुम्ही काय सांगता?"

म्हणून ही वही.
आयुर्विम्याची जुनी डायरी, वार एकही जुळत नाही.
वानवडीच्या मेजर तळपद्यांच्या बंगल्यातून
त्रेसष्ट सालची एमजी मिजेट आणली
त्या दिवशी सीटखाली सापडलेली, कोरी.
फंडाचे सगळे पैसे गेले. तळेगावात वन बीएचके आला असता,
नणंद अजून व्याजासकट हिशेब करते.
कागदोपत्री रंग रेसिंग ग्रीन.
मिस्त्री म्हणतात, शेवाळी.

पहिल्या पानावर आहे:
उजवा, शिट्टी व्हायच्या आधीचा कुकर.
डावा, दाराआड कुणीतरी कागद फाडतंय,
हळू, पकडलं जाऊ नये म्हणून.
मिस्त्रींनी ओठ हलवत वाचलं,
'कागद'वर अंगठा टेकला. तो काळा ठसा अजून तिथेच आहे.
"जाडा का पातळ?"
मी पुन्हा नळी लावली.
पतंगाचा.
त्यांनी मान डोलावली आणि अर्धा आटा सोडला.

मधली पानं नुसती कामाची.
बुधवार, जुना बाजार: गंजक्या बिजागऱ्यांच्या ढिगाखाली
इंची पाना, चाळीस रुपये.
मिलिमीटरच्या या शहरात हिचे नट अजून इंचात हट्ट करतात.
सोसायटीचं पत्र, श्री. पोंक्षे यांजकडून,
शहाबादीवरील तेलाच्या डागांबाबत, स्मरणपत्र दुसरे.
पोळ्यांची परात खाली ठेवली.
"गळतंय म्हणजे आत आहे," मिस्त्री.
"गळायचं थांबलं की मला बोलवा."

मग कार्तिकातली ती रात्र.
शिरवळहून येताना उशीर झाला होता, टप उघडा,
जुन्या कात्रजच्या बोगद्यात शिरले
आणि दिवे गेले. दोन्ही.
ह्या दिव्यांचा आमच्याशी करार एवढाच,
की पौर्णिमेला ते नक्की लागतील.

थांबले नाही. मागून ट्रक असला तर?
दुसरा गिअर, भिंतीचा गारवा डाव्या गालावर,
एवढीशी गाडी, बसलं की रस्ता हाताला लागतो,
आणि तिचा आवाज भिंतींवरून परत आला
तिच्याहून मोठा होऊन.

बाहेर खाली पुणं दिव्यांनी लखलखत होतं.
मी कडेला घेतली, बॅटरी दातात धरली,
लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
उरलं ते असं:
दोन्ही सारखे. बायका जात्यावर बसल्यासारखे,
एकीने ओढलं की दुसरीने सोडलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते वाचलं. जातं आवडलं नसावं.
मग वही उजेडाकडे तिरपी धरली
आणि खोडलेली ओळ वाचायला लागले,
अक्षर अक्षर, गिरवल्यासारखी:
मला भीती वाटली नाही.

"हे कशाला खोडलं?"
"हा काही गाडीचा आवाज नाही, मिस्त्री."
"याच्यावरूनच तर कळलं," म्हणाले,
आणि बॉनेट लावून टाकलं. "डावा बरोबर झालाय."

नळी त्यांनी परत मागितली नाही.
चहा मात्र मीच पाजायचा,
साखर जास्त.