उजवीकडून उघडणारं रजिस्टर

लोकूमल मास्तरांच्या वहीचं पहिलं पान
आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर असे.
अडुसष्ट साली कारकून म्हणून लागलो,
पहिल्याच दिवशी त्यांची हजेरी उलटी धरली
आणि चौथीची पोरं बाकं वाजवून हसली.

पाचोऱ्यातली ती शाळा आधी जिनिंगचं गोदाम.
एकोणपन्नासात कॅम्पातून उठून आलेल्यांनी घेतलं,
अकरा रुपये भाडं, पापडाच्या पैशांतून.
वारा सुटला की आढ्यातली रुई
पाट्यांवरच्या बावन्न अक्षरांवर उतरायची,
मास्तर फुंकर मारून अलिफ मोकळा करायचे.
(हे त्यांनीच सांगितलेलं.
तारखा मी मागाहून ताडून पाहिल्या,
दोन जुळल्या नाहीत.)

त्यांच्यात एक ब आहे,
तो म्हणताना श्वास बाहेर जात नाही, आत येतो.
बकरीच्या शब्दात आहे, लेकराच्या शब्दात आहे.
मास्तर पोरांच्या ओठांपुढे पेटती काडी धरत,
ज्योत पलीकडे झुकली की चूक.
मीही फायलींच्या आड करून पाहिला.
वर्षभर माझी काडी विझत राहिली.

जनरल रजिस्टर मात्र मराठीत.
जुन्याला वाळवी लागली म्हणून
सगळं माझ्या अक्षरात उतरवलं.
जन्मस्थळ: सख्खर, शिकारपूर, रोहडी,
मग कॅम्प, कॅम्प,
मग पाचोरा, पाचोरा, पाचोरा.
मातृभाषेच्या रकान्यात सिंधी, सिंधी लिहून बोट दुखलं
तेव्हा 'वरीलप्रमाणे' करून टाकलं.

एकदा मास्तर म्हणाले, "साईं, तुमची शाळा कुठली?"
म्हटलं, गिरणेकाठची, जीवन शिक्षण मंदिर.
"ती नाही. तुमच्या आईच्या बोलीची."

मी हसलो.
घरी आमची अहिराणी.
माय म्हणायची, डोया पूस, शायामा जाय.
शाळेत गुरुजींनी शाळेतला ळ
माझ्या तळहातावर सात छड्यांनी बसवला.
तिथल्या रजिस्टरात माझ्या नावापुढे
मातृभाषा मराठी,
माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातची.
खाली सगळे वरीलप्रमाणे.

मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढे लिपीचं भांडण झालं, ही की ती,
कमिटीचे दोन तुकडे, खुर्च्यांचेही.
तोवर पोरं पिवळ्या बसमध्ये बसून गेली होती.
सेक्रेटरी तोलारामशेठ
स्वतःच्या नातवाचा दाखला न्यायला आले,
दोनाऐवजी पाच रुपये ठेवून गेले,
पावती घेतली नाही.

सत्त्याण्णवला एकटी सपना लुल्ला.
वर्गही तीच, मॉनिटरही तीच.
स्वतःला उभं करायची, स्वतः हजर म्हणायची.
रिटायर झालेले मास्तर तरी सायकल ढकलत येत.
मार्चात त्यांनी तिच्यापुढे काडी धरली.
ज्योत पलीकडे झुकली.
"ठीक आहे," म्हणाले, आणि काडी
बोटं भाजेपर्यंत तशीच धरून बसले.

दप्तर तालुक्याला जमा केलं.
एक हजेरी ठेवून घेतली, हा गुन्हाच म्हणा.
उजवीकडून त्यांची अक्षरं येतात,
डावीकडून माझ्या बेरजा,
मध्ये अठरा पानं कोरी.

परवा रात्री लाईट गेली. काडी ओढली
आणि सहज बकरी म्हणून पाहिलं, त्यांच्या ब-नं.
ज्योत जराशी माझ्याकडे झुकली.

मग घरात कुणी नव्हतं म्हणून
मोठ्यानं म्हटलं:
शाया.